लेकीचा अकरावीचा विषय आणि माझी वही

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मंडळाच्या बचतफंडाचा हिशेब वाचायला मी दर साली आपल्यापुढे उभी राहते, पण तो वहीतून वाचायचा असतो. स्वतःचे म्हणून काही बोलायची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाई म्हणाल्या, "त्या संक्रांतीचे सांगा ना. आता सांगायला काय हरकत आहे?" म्हणून तेच सांगते. त्यातले शेवटचे तेवढे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. आधीचे ठाऊक नाही, आणि आधीचे कळल्याशिवाय शेवटचे नीट कळत नाही.

माझी थोरली मुलगी २०२२ साली दहावी झाली. गुण बरे पडले व अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या वेळी तिने एक नवेच काढले. म्हणाली, "आई, मी कॉम्प्युटर सायन्स घेणार." मला वाटले, चार विषयांत आणखी एक. घेईना का! पण ते तसे नसते. या विषयाला बायफोकल म्हणतात. तो एकटा दोनशे गुणांचा. दोन पेपर पन्नास पन्नास गुणांचे, आणि प्रात्यक्षिकाला शंभर. आता दोनशे गुणांचा विषय आत यायचा तर दोन विषयांनी बाहेर जायला हवे. इंग्रजी राहते, पदार्थविज्ञान, रसायन, गणित राहते. बाहेर जाते जीवशास्त्र, आणि बाहेर जाते मराठी.

जीवशास्त्राचे मला काही वाटले नाही, कारण मुलगी रक्त पाहून घेरी येणाऱ्यातली आहे. पण मराठीचे फार वाटले. आपल्या सरकारने २०२० साली कायदा करून शाळांत मराठी सक्तीची केली, ती पहिली ते दहावी. अकरावीला ती सक्ती नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी मुलीच्या हातातून मराठीचे पुस्तक सुटणार, ते सुटणारच. मी सातवीनंतर शाळेत गेले नाही याचे दुःख मला कशाचे असेल तर मराठीच्या तासाचे आहे. बाई कविता म्हणून घेत, तेव्हा मी पुढच्या बाकावर बसत असे. आणि ही मुलगी आपण होऊन तो तास सोडायला निघाली!

घरातही मतभेद झाले. आमचे हे म्हणाले, "इंजिनिअरिंगच्या सीईटीला हा विषय नाहीच. मग घ्यायचा कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या परीक्षेला पदार्थविज्ञान, रसायन व गणित लागते. कॉम्प्युटरचे गुण तिथे कोणी विचारत नाही. दीरांचे म्हणणे निराळेच होते. ते म्हणाले, "उलट घेऊ दे. प्रात्यक्षिकाचे गुण भरघोस पडतात, टक्के वाढतील." मला विचाराल तर निम्मी मुले टक्के वाढावेत म्हणूनच हा विषय घेतात. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला ते यंत्र आत काय करते ते बघायचे आहे." एवढ्या साध्या उत्तरापुढे मला काही बोलता येईना.

सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मराठी सोडतेय ना? मग रोज संध्याकाळी आईला मराठीत सांगायचे, आज काय शिकवले ते. नाही सांगता आले तर शिकली नाही असे समजायचे." आणि तसा नियम ठरला. मी चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, भाकऱ्या थापत असे आणि ती ओट्याशी उभी राहून सांगत असे. पुस्तक सगळे इंग्रजीत. पहिला महिनाभर तिची फार ओढाताण झाली. इंग्रजी शब्द तोंडात, मराठी शब्द नाही, अशी अर्धवट वाक्ये. मी म्हणे, "मला कळले नाही, पुन्हा सांग." ती चिडे. पण सासूबाई कोपऱ्यात बसलेल्या असत, त्यामुळे सुटका नव्हती.

हळूहळू तिला उपमा सापडू लागल्या, आणि मला त्या विषयाची गोडी लागली. भगिनींनो, ऐकून हसाल, पण त्यातले पुष्कळसे आपल्या घरातलेच आहे. भाकऱ्यांची चवड असते ना, शेवटी टाकलेली भाकरी वर येते आणि आधी तीच उचलली जाते. याला ते लोक स्टॅक म्हणतात. रेशनच्या दुकानापुढची रांग, जो आधी आला तो आधी सुटला, ती क्यू. मागल्या वर्षी आपला समूहाचा फोटो काढला तेव्हा उंचीने उभे करताना किती गोंधळ झाला ते आठवते का? फोटोवाला शेजारशेजारच्या दोघींना बघे, अलीकडची उंच असेल तर अदलाबदल करी, पुन्हा पुढच्या दोघी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला की सगळ्यात उंच बाई टोकाला पोचलेली असे. मग पुन्हा पहिल्यापासून. मुलगी बाजूला उभी राहून हसत होती. म्हणाली, "आई, हे बबल सॉर्ट आहे." संथ रीत आहे म्हणे, यापेक्षा चटपटीत रीती पुष्कळ आहेत. आपल्याला पाऊण तास लागला, त्यावरून ते पटण्यासारखे आहे.

एक खेळही तिने मला शिकवला. मनात एकापासून शंभरापर्यंतचा आकडा धरायचा. समोरच्याने विचारायचे, पन्नासाहून मोठा का? नाही म्हटले की पंचविसाहून मोठा का? दर वेळी निम्मे निम्मे कापत जायचे. सात प्रश्नांत आकडा सापडलाच पाहिजे. मी तो डोहाळजेवणाला बायकांत खेळून सगळ्यांना चकित केले आहे. एकेक आकडा विचारत बसले तर शंभर प्रश्न, आणि असे कापत गेले तर सात. ही अक्कल यंत्राची नव्हे, माणसाची आहे. यंत्र फक्त ती भराभर चालवते.

दुसऱ्या पेपरात ८०८५ नावाच्या एका लहानशा तुकड्याचा अभ्यास असे. इंटेल कंपनीने तो १९७६ साली काढला. आता कुठल्या घरातल्या कॉम्प्युटरात तो नसतो, पण शिकायला सोपा म्हणून पुस्तकात ठेवलेला होता. आपल्या जुन्या काळच्या बायका नव्या सुनेला आधी पाटावरवंट्यावर वाटायला लावत, तशातला प्रकार. त्याच्याशी बोलायचे ते आकड्यांतच. ७६ म्हणजे थांब. आणि हे आकडे दहाचे नव्हेत, सोळाचे. नऊ झाले की दहा न म्हणता ए म्हणायचे, मग बी, असे एफपर्यंत. आणि सोळा झाले की पुढच्या घरात एक. या ठिकाणी मी अगदी अडले. पण सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "त्यात काय अवघड? सोळा आणे झाले की रुपया." त्यांच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणेच होते. शंभर पैशांचा रुपया १९५७ च्या एप्रिलात आला, तेव्हा त्या शाळेत होत्या. मुलीने आणे कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी नातीने आजीला सोळाची मोजणी विचारली आणि आजीने आण्यांचे हिशेब घातले. मी भाकरी करपवली.

आणि एक उपमा, जी पुढे माझ्या कामी आली, ती डब्यांची. कॉम्प्युटरात आकडा ठेवायचा तर आधी त्याला डबा द्यावा लागतो आणि डब्यावर नाव लिहावे लागते. डबेही दोन जातींचे. एका जातीच्या डब्यात फक्त पुरा आकडा मावतो: एक, दोन, तीन. त्याला इंट म्हणतात. दुसऱ्या जातीच्या डब्यात अपुराही मावतो: दीड, अडीच, पावणेतीन. त्याला फ्लोट. "आणि पुऱ्याच्या डब्यात दीड घातले तर?" मी विचारले होते. ती म्हणाली, "एक राहतो. अर्धा सांडतो." मी म्हटले, "आणि यंत्र ओरडत नाही?" ती म्हणाली, "नाही, गप्प बसते." मला ते मोठे चमत्कारिक वाटले. आपला डबा भरून सांडला तर निदान ओट्यावर दिसते तरी.

आता यंत्राचे सांगते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस यंत्रे होती, त्यांतली पाच-सहा कायम बंद. एकेका यंत्रावर तिघी-चौघी. जी मधे बसे तिचे बोट चाले, बाजूच्या नुसत्या बघत. माझी मुलगी घरी येऊन कागदावर प्रोग्रॅम लिही आणि कागदावरच तपासून पाही. शेवटी आपल्या फंडातून मी बारा हजारांचे कर्ज काढले आणि जुना लॅपटॉप घेतला. कर्ज मंजूर करताना आपण कोणी एक शब्द विचारला नाहीत, हे मी विसरलेले नाही. त्या लॅपटॉपवर टर्बो सी++ म्हणून एक जुना निळ्या पडद्याचा प्रोग्रॅम होता, कॉलेजात होता तोच. त्यावर ती रात्री बसत असे.

तिनेच मला सांगितले की कॉम्प्युटर हा शब्द आधी यंत्राचा नव्हताच. हिशेब करणाऱ्या माणसाला तसे म्हणत, आणि त्या कामाला पुष्कळशा बायका असत. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक नावाचे खोलीभर मोठे यंत्र लोकांना दाखवले, त्याला गणिते घालून देणाऱ्या सहा जणी होत्या. पुढच्याच वर्षी तिकडच्या हार्वर्डच्या यंत्रात एक पाखरू अडकून काम बिघडले. तिथल्या लोकांनी ते पाखरू काढून नोंदवहीत चिकटवले आणि शेजारी तारीख-वेळ लिहिली. ग्रेस हॉपर नावाच्या बाई त्या यंत्रावर काम करत, त्या ही गोष्ट पुढे पुष्कळदा सांगत. प्रोग्रॅममधल्या चुकीला बग, म्हणजे किडा, म्हणतात. तो शब्द त्याहून जुना आहे, पण पाखरू मात्र खरोखरीचे होते. मला त्यातली वही आवडली. चूक सापडली की वहीत लावून ठेवायची. आमच्या घरी पुढे काय होणार आहे हे तेव्हा ठाऊक असते तर मी इतके हसले नसते.

आता संक्रांतीकडे येते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले तेव्हा आपल्या फंडाची वही भिजली होती. पाने वाळवून वाळवून मी ती पुन्हा उतरवली. तेव्हापासून माझ्या मनात होते की याची आणखी एक प्रत कुठेतरी असावी. मुलगी बारावीला गेली तेव्हा म्हणाली, "आई, मी तुझ्या वहीचा प्रोग्रॅम करते. माझाही सराव होईल." डिसेंबर २०२३ मध्ये ती रोज रात्री वहीतली कर्जे यंत्रात घाली. अडतीस बायका, सतरा कर्जे, वर्षभराचे हप्ते. दर महिन्याला किती मुद्दल उरले आणि त्यावर किती व्याज झाले, ते यंत्र काढणार. आपला दर आपल्याला ठाऊकच आहे, दरमहा शेकडा दीड रुपया.

जानेवारीच्या दहा तारखेच्या सभेच्या दिवशीच तिने छापील कागद काढून आणला आणि हौसेने थेट चिटणीसबाईंच्या हातात दिला. मी तो आधी पाहिला नव्हता. ही माझी चूक. लेकीने केले म्हणून तपासले नाही. चिटणीसबाईंनी वाचून दाखवले. वर्षाचे एकूण व्याज, वहीप्रमाणे अठरा हजार पाचशे चाळीस. कॉम्प्युटरप्रमाणे बारा हजार तीनशे साठ. मग त्या थांबल्या. वजाबाकी कोणीतरी मोठ्याने केली: सहा हजार एकशे ऐंशी.

म्हणजे काय, तर मी कर्जदार बायकांकडून वर्षभरात सहा हजार एकशे ऐंशी रुपये जास्त घेतले.

तो दिवस मला आठवतो. कोणी काही वाईट बोलले नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण खोलीत एक प्रकारची शांतता झाली. मी म्हटले, माझा हिशेब बरोबर आहे. तेव्हा एकजण, नाव घेत नाही, अगदी सहज म्हणाली, "अहो, पण यंत्राला कशाला खोटे बोलायचे असेल? त्याचे का तुमच्याशी वैर आहे?" यावर मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले. मी सातवी शिकलेली बाई, आणि ते बारावीचे शास्त्र. माझेच चुकले असेल.

त्या वर्षीची हळदीकुंकवे मला जड गेली. तिळगूळ हातावर पडे, पण आधी होणारी ती दोन वाक्यांची चौकशी होत नसे. घरी हे म्हणाले, "आपण सहा हजार एकशे ऐंशी गुपचूप भरून टाकू. बोभाटा नको." ते माझ्यावर संशय घेऊन म्हणाले नाहीत, माझी अब्रू राखायला म्हणाले, पण मला त्याचाच जास्त राग आला. तरी पैसे मी पाकिटात घालून देवाच्या फडताळात ठेवले. भरायचे की नाही ते ठरत नव्हते. मुलगी तर माझ्याशी बोलायची बंद झाली होती. तिला वाटे, आपण आईचे नाव घालवले. संध्याकाळचे सांगणेही थांबले. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती.

मी रोज दुपारी वही घेऊन बसे. मुद्दल बघायचे, व्याज काढायचे, बेरीज करायची. दर वेळी अठरा हजार पाचशे चाळीसच. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही, पण कानांनी ऐकतात. त्यांना जुनी दिडकी पाठ आहे. पावकी, निमकी, दिडकी, ही अपूर्णांकांची कोष्टके त्यांच्या वेळी शाळेत घोकून घेत. मला शाळेत कोणी शिकवली नाहीत, मी ती त्यांच्याकडूनच लग्नानंतर शिकले, आणि फंडाचा हिशेब मी दिडकीनेच करते. सहा हजारांवर शेकडा दीड म्हणजे साठाची दिडकी, नव्वद. मी म्हणत जाई आणि त्या मान हलवत जात. एकही चूक निघाली नाही.

मग एका दुपारी मी वही बाजूला ठेवली आणि यंत्राचा कागद पुढे घेतला. इतके दिवस मी स्वतःलाच तपासत होते, यंत्राला तपासायचे मला सुचलेच नव्हते. कागद वरून खाली वाचला. दुसऱ्यांदा वाचताना काहीतरी उणे वाटले. तिसऱ्यांदा कळले. आपल्याकडे अडीच हजारांची कर्जे आहेत. अडीच हजारांवर दीड टक्का म्हणजे साडेसदतीस रुपये. माझ्या वहीत जागोजागी पन्नास पैसे आहेत, वसुलीच्या दिवशी सुट्यांवरून आपली वादावादी होते ती त्याचमुळे. आणि यंत्राच्या त्या चार पानी कागदात पन्नास पैसे कुठेच नव्हते. एकाही ओळीत नाही. अडीच हजारांपुढे पंचवीस. चार हजारांपुढे चाळीस. सहा हजारांपुढे साठ. माझ्या स्वतःच्या बारा हजारांपुढे एकशेवीस, आणि मी पहिल्या महिन्यापासून एकशेऐंशी भरले होते. म्हणजे यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे मी स्वतःलाही लुबाडले होते! तेव्हा मला पहिल्यांदा हसू आले.

ते यंत्र शेकडा एक धरत होते. अर्धा कुठे गेला होता?

मुलगी कॉलेजातून आली. मी तिला चहा दिला आणि विचारले, "तू तो दीड टक्का कोणत्या डब्यात ठेवलास?"

ती काही बोलली नाही. पेला तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. मी पाठीमागे उभी होते. निळ्या पडद्यावर पांढऱ्या-पिवळ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या. एका ओळीशी ती थांबली. रेट, बरोबर, एक पूर्णांक पाच दशांश; आणि त्याच्या आधी इंट. पुऱ्याचा डबा. दीड घातला, एक राहिला, अर्धा सांडला, आणि यंत्र गप्प बसले. तिने इंट खोडून फ्लोट लिहिले, व्याज आणि बेरीज यांच्याही डब्यांची जात बदलली, आणि पुन्हा चालवले. खाली आकडा आला, अठरा हजार पाचशे चाळीस.

ती टेबलावर डोके ठेवून रडली. मी तिला रडू दिले. मलाही रडायचे होते, पण भाकऱ्या राहिल्या होत्या. सासूबाईंनी बाहेरून विचारले, "सापडला का गं अर्धा?"

आता पुढचे सांगते. हे म्हणाले, "झाले ना? चिटणीसबाईंना फोन करून सांग, म्हणजे मिटले." मी नाही म्हटले. चूक सभेत वाचली गेली होती, तेव्हा दुरुस्तीही सभेत व्हायला हवी. आणि ती मी सांगायची नाही, जिच्या हातून झाली तिने सांगायची. यावरून आमच्यात एक दिवस अबोला झाला. परीक्षेच्या दिवसांत पोरीला चाळीस बायकांपुढे उभे करायचे, हे त्यांना निष्ठुर वाटले. कदाचित होतेही. आजही मला त्याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. पण मुलगी आपण होऊन म्हणाली, "मी येते."

फेब्रुवारीच्या दहा तारखेला ती इथे, या जागी, उभी राहिली. पुढचे आपण ऐकलेच आहे. तिने येताना दोन डबे आणले होते, एक मापट्याचा आणि एक झाकणाचा, आणि आपल्याला तांदूळ घालून दाखवले की अर्धा कुठे सांडतो. तिचा आवाज कापत होता. ती इतके चांगले मराठी बोलली की मला त्या सुटलेल्या पुस्तकाचे दुःख थोडे कमी झाले. पुरते गेले आहे असे म्हणणार नाही. ती संपल्यावर जी बाई आधी यंत्राचे वैर विचारत होती तीच पहिली उठली आणि म्हणाली, "पोरी, मग माझे व्याज कमी होणार नाही तर!" सगळ्या हसल्या. तो हशा मी अजून कानात जपून ठेवला आहे.

पाकिटातले पैसे तिच्या सीईटीच्या फीला आणि पुस्तकांना गेले. बारावीत कॉम्प्युटरला दोनशेपैकी एकशेएकोणनव्वद पडले. सीईटीला मात्र बेताचेच झाले, आणि हवे ते इंजिनिअरिंगचे कॉलेज मिळाले नाही. हे म्हणतात त्याप्रमाणे त्या एकशेएकोणनव्वदांचा तिथे काही उपयोग झाला नाही, आणि मी त्यावर वाद घालत नाही. ती आता कॉम्प्युटरचीच बी.एस्सी. करते आहे.

फंडाचे म्हणाल तर आता दोन्ही चालते. यंत्रही आणि वहीही. महिन्याच्या नऊ तारखेला मुलगी यंत्राचा आकडा सांगते आणि मी वहीचा. आधी मी सांगायचा नाही असा आमचा करार आहे, नाहीतर ती माझा आकडा बघून आपला जुळवील. मधे एकदा पुन्हा फरक आला, साठ रुपयांचा. तेव्हा चूक माझी होती. एक हप्ता दोनदा मांडला होता. ते पान मी फाडले नाही. त्या बाईंच्या वहीतल्या पाखरासारखे ठेवले आहे, शेजारी तारीख घालून.

माझे बोलणे लांबले.  या महिन्याची वसुली नेहमीप्रमाणे दहा तारखेला दुपारी चार वाजता आहे. ज्यांचे कर्ज अडीच हजारांचे आहे त्यांनी कृपा करून पन्नास पैशांवरून वाद घालू नये. दोन महिन्यांचे मिळून पंचाहत्तर दिलेत तरी चालतील.